त्या सामन्याचा चेंडू

बाबांच्या अंत्यदर्शनाला लोक दुपारी दोनला येणार होते आणि आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना एक वाजता सुरू होणार होता. फ्युनरल होमचे मालक मिस्टर हुडाक यांनी आदल्या दिवशीच मला बाजूला घेतले.

"अ‍ॅनेट, मागच्या खोलीत टीव्ही लावतो. आवाज बंद ठेवीन. नाही लावला तर चार वाजेपर्यंत कुणी फिरकायचं नाही, आणि मग लोक म्हणतील तुझ्या बाबांना, मेट्रो ह्रिंकोला, कुणी आलंच नाही."

मी म्हटले, लावा. बाबांनी तरी दुसरे काय केले असते? दुसऱ्या कुणाच्या दर्शनाला आले की शवपेटीपुढे गुडघे टेकून छातीवर क्रूस काढायचे आणि थेट मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

नोव्हेंबर होता. बर्फ पडत होते आणि पडता पडताच वितळत होते. लोक चांगले कोट घालून आले होते, पण कोट काढले की आत संघाची काळी-पिवळी जर्सी. कुणाला त्यात काही गैर वाटले नाही, मलाही नाही. ओळीत उभे राहून सगळ्यांचे हात हातात घ्यायचे काम माझे होते. मला रडू येत नव्हते. पाय दुखत होते. बाबांच्या आजारपणात वर्षभर दर शुक्रवारी मी राहते त्या ईरी शहरातून गाडी चालवत येत होते, रविवारी परत जात होते. शेवटी शेवटी परत जाणे सोडूनच दिले. काळे बूट घाईत घेतले होते, ते टाचेला चावत होते, आणि त्या चावण्याचा एक प्रकारे आधार वाटत होता.

माझ्या शेजारी खुर्चीत तेता ओल्गा बसली होती. बाबांची धाकटी बहीण. पूर्व युरोपातून आलेल्या आमच्या लोकांत आत्याला तेता म्हणतात. धाकटी म्हणजे आता तीही ऐंशीला टेकलेली.

"मेट्रोला कधी वेळेचं भान नव्हतं," ती म्हणाली. "एप्रिलपर्यंत दम काढायचा. बेसबॉल तरी सुरू झालं असतं. आयुष्यभर ज्या खेळानं गुडघे खाल्ले तो सोडून भलत्याच खेळात गेला."

"तेता, हळू."

"हळू काय? तो ऐकतोय का?"

पण तिला तसे मनापासून वाटत नसावे. कारण मागच्या खोलीतून कुणी आले, माझा हात धरला आणि कुजबुजले, "फार वाईट झालं, अ‍ॅनेट. दहा-शून्य," की ती खुर्चीतून उठायची, पेटीवर वाकायची आणि बाबांच्या कानाशी सांगायची, "मेट्रो, दहा-शून्य." थोड्या वेळाने "सतरा-शून्य." या फुटबॉलमध्ये गुण असे तीन-तीन, सात-सात चढतात; समोरच्या संघाला अजून एकही मिळाला नव्हता. खोलीतल्या माणसांच्या चेहऱ्यावर दुःख होते आणि त्याखाली ते शून्य लकाकत होते.

मी मात्र दाराकडे पाहत होते. व्हर्न टटल यायचे होते.

बाबा तरुणपणी व्यावसायिक बेसबॉल खेळत. मोठ्या शहरांतल्या संघांत नव्हे. आमच्यासारख्या गावांचे जे छोटे संघ असतात, बसमधून रात्रंदिवस फिरतात आणि ज्यांतले बहुतेक कुठेच पोचत नाहीत, तसल्या एका संघात ते कॅचर होते. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसायचे, मांड्यांच्या मध्ये बोटांनी खुणा करायच्या, आणि पिचरने ती खूण पाहून तसा चेंडू टाकायचा. व्हर्न पिचर. वेस्ट व्हर्जिनियाचा लांबलचक पोरगा. एका उन्हाळ्यात, एका सामन्यात त्याने सगळे नऊ डाव एकट्याने टाकले आणि समोरच्याला एक धावही दिली नाही. याला शटआउट म्हणतात. पुढच्या वसंतात व्हर्नचा खांदा गेला. मग त्याने शाळेची बस चालवली, रोझशी लग्न केले, चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेतला. शटआउट तेवढाच एक.

नोंद होते ती पिचरच्या नावावर. कॅचरचे नाव कुठे येत नाही. बाबा एकदा टीव्हीसमोर बसून म्हणाले होते, "फुटबॉलमधलं शून्य बरं. ते अकरा जणांचं असतं, कुणी मिरवत नाही. आमच्यात शून्य एकाच्या मालकीचं." त्यात कडवटपणा नव्हता. चहात साखर कमी आहे असे सांगावे तसे ते म्हणाले.

दर जुलैमध्ये, त्या सामन्याच्या तारखेला, व्हर्नकाकांचा फोन यायचा. ते पहिल्या फलंदाजापासून सगळा सामना बाबांना सांगायचे, जणू बाबा तिथे नव्हतेच. बाबा फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभे राहायचे आणि मधूनमधून म्हणायचे, "नाही रे. तो वळणारा चेंडू नव्हताच. तुझा हात घसरला होता." लहानपणी मला वाटायचे, सगळ्यांच्या घरी जुलैमध्ये असा एक फोन येतो.

सप्टेंबरमध्ये बाबांना जिना चढवेना. आम्ही जेवणाच्या खोलीतले टेबल काढून तिथे पलंग लावला. एका दुपारी मी त्यांना सूपमध्ये पाव बुडवून भरवत होते. ते म्हणाले, "व्हर्नकडे जो चेंडू आहे ना, तो तो नाही."

मला वाटले औषधाचा अंमल. "कोणता चेंडू, बाबा?"

"शटआउटचा. पाव पुरे. ऐक. शेवटचा फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकला हुकला आणि बाद झाला. चेंडू माझ्या हातमोज्यात. असा चेंडू कुणाचा असतो?"

"पिचरचा."

"पिचरचा. कॅचरनं चालत जायचं आणि त्याच्या हातात ठेवायचा. मी काय केलं? घरंगळत सोडून दिला." त्यांनी पांघरुणावर हात पुढे सारून दाखवला. "डाव संपला की कॅचर चेंडू पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडतो, पुढच्या पिचरला तिथं सापडावा म्हणून. शाळेत होतो तेव्हापासून तेच. हाताला काय माहीत, पुढचा डावच नाहीये. तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर केला, पाठ फिरवली, बाकाकडे निघालो. मागं ओरडा ऐकला तेव्हा कळलं, अरे, संपलं. वळून बघतो तर सगळे व्हर्नच्या अंगावर आणि अख्खं गाव मैदानात. चेंडू गेला. कुणाच्या खिशात गेला देव जाणे."

"मग?"

"मग काय. सरावाच्या पोत्यातून एक काढला. बॅटनं चार ठोके दिले, माती चोळली, वर तंबाखू थुंकलो. पेनानं तारीख घातली, दोन्ही संघांची नावं घातली, आणि शून्य. तो अंघोळ करून आला तसा हातावर ठेवला." ते थोडा वेळ दम घेत राहिले. "त्याचं तोंड बघितलं असतंस तर तूही नसतं सांगितलंस."

"मग आता कशाला सांगायचं?"

"आता तो माझं तोंड बघणार नाही ना."

मी पावाचे तुकडे उचलू लागले. त्यांनी माझे मनगट धरले. बोटांत अजून जोर होता.

"मला पुरायच्या आधी सांग त्याला. नंतर नको. नंतर म्हटलंस की तू माझ्यासारखंच करशील."

मी हो म्हटले. आजारी माणसाला आपण हो म्हणतो. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, फक्त शेवटच्या आठवड्यात एकदा डोळे उघडून "व्हर्न?" एवढेच विचारले, आणि मी म्हटले, "लक्षात आहे."

ते गेले त्या सकाळी मी व्हर्नकाकांना फोन केला. मग ते म्हणाले, "मी चेंडू घेऊन येतो, पोरी. त्याच्याबरोबर जाऊ दे. त्या दिवशी डोकं त्याचं होतं, माझा नुसता खांदा होता. रोझ गेल्यावर मला त्याची शोभा तरी कुणाला दाखवायचीय?"

तेव्हाच सांगायला हवे होते. मी म्हटले, "गाडी सावकाश चालवा, रस्ते ओले आहेत."

ते आले तेव्हा चोवीस-शून्य झाले होते. दारात उंच माणूस, टोपी हातात, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. कोटाच्या खिशात काहीतरी गोल होते आणि ते त्यावर हात ठेवून चालत होते, गर्दीत पाकीट सांभाळावे तसे. त्यांनी मला एका हाताने जवळ घेतले. ओल्या लोकरीचा आणि पेपरमिंटचा वास आला.

पेटीपुढे ते जाऊन उभे राहिले.

"लांब वाटतोय," ते म्हणाले. "मी याला कधी आडवा पाहिलाच नाही ना. कायम उकिडवा."

बाबांच्या हातात जपमाळ गुंडाळली होती. मिस्टर हुडाकांनी खूप प्रयत्न केला होता, पण उजव्या हाताची बोटे सरळ झाली नव्हती. जन्मभर चेंडू लागून लागून ती वेगवेगळ्या दिशांना वळली होती. व्हर्नकाकांनी एका बोटाला हळूच हात लावला.

"हे माझं. खूण चुकीची वाचली. ते पलीकडचं कुणाचं माहीत नाही, पण हे माझं."

"तुझंच," तेता ओल्गा खुर्चीतून म्हणाली. "आईनं तुला महिनाभर शिव्या घातल्या होत्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवता येईना त्याला."

"त्याला ऑर्गन यायचा?"

"नाही. म्हणून तर बरं झालं."

व्हर्नकाका हसले आणि हसता हसता त्यांनी खिशात हात घातला. धुतलेला करडा लोकरी मोजा बाहेर आला, त्याच्या टोकाला चेंडू. ते मोज्याची गाठ सोडू लागले.

"व्हर्नकाका," मी म्हटले, "आधी जरा बसा. कॉफी घ्या. इतक्या लांबून आलात."

"ठेवतो आणि बसतो."

"आधी बसा."

माझ्या आवाजात काहीतरी असावे. ते मोजा तसाच हातात धरून माझ्यामागून आले.

मागच्या खोलीत पुरुषमंडळी टीव्हीसमोर पाठींचा तट करून उभी होती. टेबलावर चर्चच्या बायकांनी आणलेल्या कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळलेल्या होलुपकी, हॅम, अक्रोड भरलेला गोड रोल म्हणजे कोलाची. कॉफीच्या भांड्याजवळ एक जुना सोफा होता, टीव्हीपासून दूर, तिथे आम्ही बसलो. सत्तावीस-शून्य झाले होते आणि अगदी थोडा वेळ उरला होता. पण समोरचा संघ कसाबसा पुढे सरकत आमच्या टोकाजवळ आला होता, आणि आता खोलीत एकच प्रश्न होता: ते किक मारणार की नाही? दोन खांबांमधून किक गेली तर तीन गुण. हरणे तर ठरलेलेच. पण शून्यावर हरणे टळते.

"नाही मारायचा," कुणीतरी म्हणाले. "जरा तरी अब्रू असेल तर नाही मारायचा."

"अब्रू राखायलाच मारेल, गाढवा."

"सत्ताविसानं हरला काय न् चोविसानं हरला काय!"

"मग तुला का एवढा त्रास होतोय?"

फादर मायकल प्रार्थनेचा झगा घालून दारात उभे होते. मिस्टर हुडाक त्यांच्या मागून म्हणाले, "फादर, चार वाजले."

"माझ्या घड्याळात नाहीत," फादर म्हणाले. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते.

व्हर्नकाका त्या सगळ्यांकडे पाहत होते. मोजा मांडीवर होता.

"मारू दे त्यांना," ते मला म्हणाले. "ज्यांना मी शून्यावर ठेवलं ना, त्यांची बस आमच्या बसच्या पुढंच उभी होती. काचेतून दिसत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी ते कुणाला सांगत नाही. गोष्टीत बसत नाही ते."

सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि ही चांगली वेळ आहे असेही मला वाटत नव्हते. मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"व्हर्नकाका, बाबांनी तुम्हाला एक सांगायला सांगितलंय. हा चेंडू त्या सामन्यातला नाही."

नेमकी त्याच क्षणी किक बसली. खोलीत एकच आरडाओरडा झाला. कुणी पाय आपटला, कुणी अगदी फादरांच्या देखत शिवी घातली.

"काय म्हणालीस?" व्हर्नकाकांनी कान पुढे केला.

एकदा म्हणायला मला दोन महिने लागले होते. आता पुन्हा म्हणायचे होते, आणि मोठ्याने.

"हा चेंडू त्या सामन्यातला नाही. बाबांच्या हातून तो घरंगळत सुटला. सवयीनं. गर्दीत हरवला. हा त्यांनी सरावाच्या पोत्यातून काढला, माती लावली, वर तंबाखू थुंकले आणि तुम्हाला दिला. त्यांना पुरायच्या आधी तुम्हाला सांगायचं, असं मी कबूल केलं होतं."

मला वाटले होते, ते हसतील, नाहीतर म्हणतील, मला माहीतच होते. पुस्तकांत जुने मित्र असे म्हणतात. व्हर्नकाकांनी गाठ सोडून चेंडू बाहेर काढला. तपकिरी पडलेला, एका बाजूची शिवण उसवलेली. त्यांनी तो टीव्हीच्या उजेडाकडे फिरवला.

"सरावाच्या पोत्यातला."

"हो."

"ही शिवण." त्यांनी तिथे अंगठा ठेवला. "मी लोकांना सांगतो, वळणारा चेंडू टाकताना माझं नख इथं रुतायचं, त्यानं ही उसवली. नातवाच्या शाळेत सांगितलंय. रोझच्या अख्ख्या माहेराला सांगितलंय. बायबलच्या वर्गात, पोरी, शपथेसारखं सांगितलंय."

"मला माफ करा."

"तू कशाला." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तू सांगायला नको होतंस. त्यानं सांगायला हवं होतं. दर जुलैत फोन करत होतो की मी. दर जुलैत तो माझा हात घसरला म्हणून सांगायचा, आणि हे नाही सांगितलं?"

ते उठले. मोजा सोफ्यावरच राहिला. मला वाटले ते कोट घेऊन निघून जातील, आणि मी इतकी थकले होते की त्यांना अडवायला उठावे असेही वाटले नाही. पण ते पुढच्या खोलीत गेले. मग मी उठले.

पेटीशी तेता ओल्गा वाकलेली होती.

"मेट्रो," ती बाबांच्या कानाशी म्हणत होती, "संपलं. सत्तावीस-शून्य."

मागून येणाऱ्या एकाने म्हटले, "तेता, तीन झाले त्यांचे. किक बसली."

"गप रे." तिने मान वळवली नाही. "तुझं काय जातंय?"

व्हर्नकाका तिच्या मागे थांबले. ती बाजूला होईपर्यंत थांबले, मग पुढे गेले आणि एका हाताने पेटीची कड धरून बाबांच्या चेहऱ्यावर वाकले.

"थापाड्या," ते म्हणाले. हळू नाही. "कोळशाच्या खाणीतल्या घुशी. या चेंडूसाठी सुताराकडून काचेची पेटी करून घेतली मी. त्याच्यावर दिवा लावलाय मी. दिवा!"

तेता ओल्गाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली: असू दे.

"नुसतं म्हणायचंस, व्हर्न, हरवला. मी काय केलं असतं? मारलं असतं तुला? मारलं असतं, बरं. पण मग झालं असतं ना!" त्यांनी चेंडू बाबांच्या नाकासमोर धरला. "आणि थुंकलास वर. मला वाटायचं, ती माझी थुंकी."

कुणीतरी हसले आणि हसू खोकल्यात लपवले. तेवढ्यात फादर मायकल आत आले, धुपाटण्याची साखळी हलली, आणि सगळे उभे राहिले. व्हर्नकाका होते तिथेच उभे राहिले, पेटीच्या डोक्याशी, घरातल्या माणसांच्या रांगेत. ते बाप्टिस्ट पंथाचे, आमची प्रार्थना त्यांना ठाऊक नव्हती. गाणे बायकांनी उचलले, मग पुरुषांनी. शेवटी 'वीच्नाया पाम्यात' येते, चिरंतन स्मरण. ते तीनदा म्हणतात, दरवेळी आणखी संथ, जणू संपवायची कुणालाच घाई नाही. मी ते किती लोकांसाठी गायले आहे. त्या दिवशी मला शब्द आठवत होते, पण श्वास पुरत नव्हता. शेजारी पाहिले तर व्हर्नकाका ओठ मिटून उभे होते आणि त्यांचा उजवा हात पाठीमागे होता. पाठीमागे, कुणाला दिसणार नाही असा, तो चेंडू बोटांत फिरत होता: दोन बोटे शिवणीवर, मग शिवणीला आडवी, मग पुन्हा पहिल्यासारखी. ते चेंडू कसा धरायचा ते ठरवत होते की काय, मला कळले नाही. खूण द्यायला समोर कुणी नव्हते.

प्रार्थना संपल्यावर लोक पांगले. मी विचारले, "ठेवायचाय का आत? हुडाक उद्या सकाळी पेटी बंद करतील."

"नाही."

"बरं."

"त्या सामन्याचा असता तर त्याच्याजवळच गेला असता," ते म्हणाले. "सामना त्याचा होता. हा सामन्याचा नाही. हा त्यानं बसून माझ्यासाठी केलाय. मी अंघोळीला जाऊन येतो तेवढ्यात." त्यांनी चेंडू दुसऱ्या हातात घेतला. "मला राग आलाय हं अजून. गेला असं समजू नकोस."

"नाही समजत."

"घरी जाईपर्यंत तरी राहील."

मी म्हटले, "मला एकदा बघू द्याल?"

त्यांनी चेंडू माझ्या हातावर ठेवला. वाटले होते त्यापेक्षा हलका होता. शाई तपकिरी झाली होती, पण वाचता येत होती. तारीख, दोन गावांची नावे. समोरच्या गावापुढे बाबांचे शून्य. बाबा शून्य खालून सुरू करायचे आणि वर नेऊन परत आणताना थोडे अलीकडेच थांबायचे, त्यामुळे ते कधी पुरते मिटायचे नाही. विजेच्या बिलावर, माझ्या शाळेच्या फीच्या पाकिटावर, शेवटी औषधांच्या बाटल्यांवर, सगळीकडे तसेच. आणि हे इथे, माझ्या जन्माआधीचे. मी अंगठ्याने त्याच्या उघड्या तोंडाला हात लावला आणि चेंडू परत दिला. आणखी धरून ठेवला असता तर परत देणे जमले नसते.

सोफ्यावरचा मोजा मी आणून दिला. तेता ओल्गाने एका डब्यात होलुपकी भरल्या होत्या आणि वर कोलाचीचा अर्धा रोल.

"हे गरम करून खा," ती म्हणाली. "आणि माझ्या भावाला पुन्हा घूस म्हणालास तर डबा परत घेईन."

"घूसच आहे तो."

"आहे. पण ते आम्ही म्हणायचं."

मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. अंधार पडू लागला होता आणि आता बर्फ रस्त्यावर साचत होते. ते बसले, डबा शेजारच्या सीटवर ठेवला, मोजा त्याला टेकवून ठेवला, मग काहीतरी पटले नाही म्हणून मोजा उचलून पुन्हा कोटाच्या खिशात घातला. किल्ली फिरवली नाही.

"जुलैत फोन कुणाला करू?" त्यांनी विचारले. समोरच्या काचेकडे पाहत.

"मला करा. घरचा नंबर चालू ठेवणार आहे मी."

"तुला काय कळतंय बेसबॉल."

"फारसं नाही."

"मग बरं. मधे मधे बोलणार नाहीस."

"बोलेन," मी म्हटले. "तो वळणारा चेंडू नव्हताच. तुमचा हात घसरला होता."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मला वाटले मी फार पुढे गेले. मग त्यांनी गाडी सुरू केली, काचेवरचे बर्फ पुसले गेले, आणि ते म्हणाले, "कितव्या डावातला, ते आधी सांग. उगाच बापाचं ऐकून बोलू नकोस."

मला माहीत नव्हते. ते जुलैत सांगणार होते. दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी उभी राहिले आणि मग आत गेले. अजून लोक यायचे होते, आणि बूट बदलायला काही आणले नव्हते.